‘चौकशीला या’ असा फोन आल्यापासून: पोलिसांशी प्रथमच संबंध येणाऱ्यांसाठी

पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेल्या माणसाला पहिला फोन येतो तो बहुधा एखाद्या हवालदाराचा, आणि त्यातले वाक्य ठरलेले असते: ‘तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, साहेबांनी बोलावलंय, उद्या अकराला येऊन जा.’ अर्ज कोणाचा, कशाबद्दल, बोलावले आहे ते साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, यांतले काहीच त्यात नसते. अशा वेळी काही जण घाबरून लगेच धावतात आणि काही जण फोन उचलणेच बंद करतात; दोन्ही प्रकारांत नुकसान स्वतःचेच होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. हक्कांचा गाभा फारसा बदलला नसला तरी कलमांचे आकडे बदलले आहेत, आणि ठाण्यात अजूनही ‘एक्केचाळीस अ ची नोटीस’ किंवा ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ अशीच भाषा कानावर येते. त्यामुळे पुढे मी नवे आकडे देत असलो तरी आवश्यक तेथे जुनेही दिले आहेत; नुसते ‘कलम’ म्हटले असेल तेथे ते नागरिक सुरक्षा संहितेचे समजावे.

हक्कांची यादी पाठ करून ठाण्यात गेल्याने फार काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अटकेची कारणे कळवली पाहिजेत किंवा चोवीस तासांत न्यायालयात हजर केले पाहिजे, हे पोलिसांनाही मान्यच असते. पुढे न्यायालयात वाद होतो तो वेळेवरून: माणूस ठाण्यात किती वाजता आला, स्वतःहून आला की आणला गेला, त्याला कोणी बसवून ठेवले आणि अटक ‘दाखवली’, म्हणजे कागदोपत्री नोंदवली, केव्हा. पोलिसांकडे यासाठी स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातील घडामोडींची वेळवार नोंदवही, असते. नागरिकाकडे सहसा काहीच नसते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर किती वाजले, समोरचा अधिकारी कोण आणि कोणत्या कागदाच्या आधारे, या तीन गोष्टींची नोंद स्वतःकडे राहील अशी व्यवस्था करणे, हेच नवख्या माणसाचे मुख्य काम आहे.

फोन आणि नोटीस

फोनवर बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा, बक्कल नंबर, पोलीस ठाणे आणि अर्जाचा किंवा गुन्ह्याचा क्रमांक शांतपणे विचारून लिहून घ्यावा, आणि ‘मी येतो, फक्त लेखी नोटीस द्या’ असे सांगावे. ही मागणी उद्धटपणाची नाही. अटक आवश्यक नसलेल्या प्रकरणात संशयिताला बोलवायचे असेल तर कलम ३५(३) अन्वये, म्हणजे पूर्वीच्या ४१ अ प्रमाणे, नोटीस द्यावी लागते. साक्षीदाराला बोलवायचे असेल तर कलम १७९ अन्वये लेखी आदेश लागतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये आणि अटक केलीच तर तिची गरज का होती ते लिहून ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २ जुलै २०१४ रोजी बजावले आहे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

नोटीस हातात पडल्यावर मात्र ठरल्या दिवशी जावेच लागते. आजारपण किंवा परगावी असणे अशी खरी अडचण असेल तर ती लेखी कळवून पोच घ्यावी. नोटिशीला प्रतिसादच न देणे हे अटकेचे रीतसर कारण ठरू शकते. महिला, पंधरा वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील पुरुष, तसेच अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, परंतु ही सवलत साक्षीदारांसाठीच्या कलम १७९ मधली आहे, हे लक्षात ठेवावे. आपल्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून, हे आधी विचारून घ्यायचे ते याचसाठी. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो: व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दाखवून कोणी ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगत असेल, तर कायद्यात तसा प्रकारच नाही. फोन ठेवावा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

ठाण्यात

शक्यतो एकट्याने जाऊ नये. वकील नसल्यास घरातले किंवा शेजारचे कोणी सोबत न्यावे. आत पाऊल टाकण्यापूर्वी घरच्या दोन जणांना संदेश पाठवावा: ‘सकाळी ११.१० ला अमुक पोलीस ठाण्यात पोचलो, अमुक उपनिरीक्षकांनी बोलावले आहे.’ बाहेर पडल्यावर दुसरा संदेश पाठवावा. मोबाइल आत काढून ठेवायला सांगितला जाऊ शकतो, त्यामुळे हे काम दारातच उरकलेले बरे. पुढे प्रकरण वाढले तर वेळेचा इतका स्वस्त आणि इतका भक्कम पुरावा दुसरा मिळत नाही.

जबाबाच्या बाबतीत घाई नडते. संगणकावर टंकलेल्या जबाबाच्या शेवटी ‘माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’ हे वाक्य पुष्कळदा सांगणाऱ्याने एक ओळही वाचण्यापूर्वी उमटलेले असते. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये, असे कलम १८१ सांगते. केवळ अर्जाची चौकशी चालू असेल तेव्हा सही मागितली जाते. त्या वेळी प्रत्येक पान वाचावे, मोकळ्या जागेवर रेघ मारावी आणि सहीखाली तारखेसोबत वेळही घालावी. कोऱ्या कागदावर सही कोणत्याही परिस्थितीत करू नये. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे, पण ज्या उत्तरामुळे आपण स्वतःच गुन्ह्यात गुंतू असे उत्तर देण्याची सक्ती नाही; संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेले हे संरक्षण कलम १८० मध्येही आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही जुनी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे.

चौकशी रात्री उशिरापर्यंत लांबत असेल तर ‘उद्या सकाळी पुन्हा येतो’ असे म्हणण्यास हरकत नाही. सक्तवसुली संचालनालयाने (ईडीने) एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब रात्री साडेदहापासून पहाटे तीनपर्यंत नोंदवल्याचे प्रकरण एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे सांगून न्यायालयाने या पद्धतीबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. त्या माणसाची अटक मात्र न्यायालयाने बेकायदा ठरवली नाही, हेही सांगितले पाहिजे. न्यायालयाची नाराजी आणि आरोपीची सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठाण्यात चित्रीकरण करता येते का, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तेथे चित्रीकरण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला. तरीही अधिकाऱ्याच्या तोंडासमोर मोबाइल नाचवण्याचा सल्ला मी देणार नाही. हुज्जत वाढली, हात लागला किंवा लागल्याचे म्हटले गेले, तर ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणजे न्याय संहितेचे कलम १३२, जुने ३५३, लागते. ते दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते असे) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही असे) असून त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ तक्रारीत काही दम नसताना केवळ या कलमामुळे कोठडीत गेलेली माणसे कोणत्याही फौजदारी वकिलाला विचारल्यास सापडतील.

नाकाबंदीबद्दल थोडक्यात: गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यास वाहनाची कागदपत्रे दाखवावी लागतात, आणि ती डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी चालतात. दंड भरल्यास पावती किंवा ई-चलन घ्यावे. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची असते.

अटक

अटकेच्या वेळी काय घडले पाहिजे हे डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा सूचनांत सांगितले, आणि त्यांतला मोठा भाग आता कलम ३६ ते ५३ मध्ये आला आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, जागेवर तयार व्हावा, त्यावर घरातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी आणि अटक झालेल्यानेही सही करावी. कोणाला कळवायचे ते अटक झालेला माणूस ठरवतो, आणि त्याप्रमाणे कळवणे ही पोलिसांची जबाबदारी असते. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते, मात्र वकिलाला पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही.

मेमोवर सही करताना बाकी सगळे सोडून आधी वेळेचा रकाना पाहावा. समजा, शुक्रवारी रात्री अकराला एखाद्याला घरातून नेले, शनिवारी संध्याकाळी सहाला अटक दाखवली आणि रविवारी संध्याकाळी पाचला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले. कागदावर तेवीस तास झाले, प्रत्यक्षात बेचाळीस. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांची मर्यादा अनुच्छेद २२(२) आणि कलम ५८ ने घातली आहे, आणि माणसाच्या हालचालींवर बंधन आले त्या क्षणापासून अटक सुरू होते, अधिकाऱ्याने वहीत लिहिलेल्या वेळेपासून नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटले आहे. ‘अटक नाही, फक्त बसवून ठेवलंय’ या नेहमीच्या खुलाशाला याहून चांगले उत्तर नाही. मेमोवरची वेळ चुकीची असेल तर सही नाकारून भांडत बसण्यापेक्षा सहीशेजारी स्वतःच्या हाताने ‘मला काल रात्री ११ वाजता घरातून आणले’ असे लिहावे. ते लिहू दिले नाही, तर ती गोष्ट न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगावी.

अटकेची कारणे लेखी मिळाली पाहिजेत. ‘अमुक गुन्ह्यात अटक करीत आहोत’ एवढे पुरत नाही. तुम्ही काय केल्याचा आरोप आहे, ते त्यात असावे लागते. मुंबईतील एका वाहन अपघाताच्या प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला: कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि तत्काळ शक्य नसल्यास कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यावीत. सुरत, बेळगाव किंवा हैदराबादेत अटक झालेल्या मराठी माणसाला म्हणूनच मराठीतून कारणे मागता येतात, आणि ती मागावीत.

काही जणांसाठी आणखी बंधने आहेत. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. साठ वर्षांवरील किंवा अशक्त माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर उपअधीक्षकाची परवानगी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.

बाहेर थांबलेल्यांचे काम

माणूस आत आणि घरचे ठाण्याच्या आवारात वडाखाली बसलेले, असे चित्र असते तेव्हा खरी धावपळ बाहेरच्यांनी करायची असते, कारण आतल्याला ती करता येत नाही. पहिले काम म्हणजे ११२ वर फोन करणे. माणूस अमुक ठाण्यात आहे आणि त्याच्याबद्दल काही सांगितले जात नाही, एवढे सांगितले तरी त्या कॉलची वेळेसह नोंद होते. त्यानंतर हाच मजकूर पोलीस अधीक्षकांना, आणि शहरात असाल तर आयुक्तांना, ईमेलने पाठवावा. अटक झालेल्यांची नावे व पत्ते ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात नेमलेला अधिकारी असला पाहिजे, असे कलम ३७ सांगते. ‘तो अधिकारी कोण?’ हा प्रश्न विचारताच बऱ्याच ठिकाणी उत्तरे थोडी सरळ येऊ लागतात.

अटक दाखवलेली नाही आणि सोडतही नाहीत, अशी अवस्था असेल तर देहोपस्थितीच्या (हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशा) याचिकेसाठी उच्च न्यायालय गाठण्याआधी तालुक्याच्या ठिकाणीच एक उपाय असतो, जो फार कमी लोकांना ठाऊक आहे. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी कलम १०० अन्वये उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावा. कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे.

सीसीटीव्हीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि ते चित्रीकरण अठरा महिने, किमान एक वर्ष तरी, जपण्याचा आदेश दिला आहे. अर्जात ‘प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष आणि लॉकअपसमोरील कॅमेरे, अमुक तारीख रात्री १०.३० ते दुसऱ्या दिवशी सायंकाळी ७’ इतके नेमके लिहावे, म्हणजे ‘कोणते फुटेज हवे ते नमूद नाही’ असे उत्तर येणार नाही. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती माहिती अधिकार कायद्यानुसार ४८ तासांत द्यावी लागते. हा उल्लेख अर्जाच्या पहिल्याच ओळीत असावा. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असल्यास मालकाला त्याच दिवशी विनंती करावी, कारण खासगी चित्रीकरण लवकर पुसले जाते.

वैद्यकीय तपासणी आणि न्यायालयातला तो एक प्रश्न

अटकेनंतर सरकारी रुग्णालयात होणारी तपासणी बहुतेकांना उपचार वाटतो. प्रत्यक्षात तो पुरावा असतो. कलम ५३ अन्वये डॉक्टरांनी अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण केव्हा झाल्या असाव्यात, हे दोन्ही नोंदवायचे असते, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला द्यायची असते. पोलीस शेजारी उभा असताना ‘काही त्रास नाही ना?’ या प्रश्नावर मान हलवली की पुढची वाट अवघड होते. कोठे दुखते, कशाने मारले आणि केव्हा, एवढे डॉक्टरांना शांतपणे सांगावे.

त्यानंतर न्यायालय. महाराष्ट्रात कोठडीसाठी हजर केलेल्या आरोपीला न्यायदंडाधिकारी विचारतात: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न सौजन्यापोटी आलेला नाही. मुंबईच्या लॉकअपमधील महिला कैद्यांच्या छळाबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी पाठवलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, त्यांत छळाची तक्रार आहे का हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारावे आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची माहिती द्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात हा प्रश्न गर्दीत, घाईत, काही सेकंदांत उरकतो, आणि मागे तोच हवालदार उभा असल्यामुळे बहुतेक आरोपी ‘नाही’ म्हणतात. ते ‘नाही’ रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत, जाते आणि पुढची अनेक वर्षे तक्रारीच्या आड येते. म्हणून मारहाण झाली असेल तर येथेच सांगावे, मोठ्याने सांगावे, आणि खरी अटक केव्हा झाली तेही याच वेळी सांगावे. वकिलाने ते लेखी अर्जातही दिले तर उत्तम.

तुमचीच तक्रार घेत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये ठरवले. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेने दिली आहे. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली प्रथम खबर, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ईमेलने वा पोर्टलवरून माहिती दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत मोफत मिळते.

नकार मिळाल्यास कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवावी आणि त्यानंतरही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पोस्टाची पावती जोडल्याशिवाय तेथे अर्ज टिकत नाही. पुष्कळदा एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून हाती समजपत्र दिले जाते आणि तक्रारदाराला वाटते की तपास सुरू झाला. तो झालेला नसतो. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस अशा प्रकरणाचा तपास करू शकत नाहीत.

पोलिसांविरुद्ध दाद

येथे मार्ग अनेक आहेत. अधीक्षक किंवा आयुक्तांकडे दिलेल्या तक्रारीवर खातेनिहाय चौकशी होऊ शकते. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्ती कायद्याने राज्य आणि विभाग पातळीवर तशी रचना केली, आणि गोव्यात पणजीला असे प्राधिकरण आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, विहित पद्धत न पाळता केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी तेथे चालतात. कबुली मिळवण्यासाठी मारहाण करणे हा न्याय संहितेच्या कलम १२० खालील स्वतंत्र गुन्हा असून त्यात सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असल्यास दहा वर्षांपर्यंत, शिक्षा आहे. कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी अनिवार्य आहे.

माझा अनुभवाने बनलेला कल असा आहे की मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवणे असेल तर न्यायदंडाधिकारी आणि प्राधिकरण या दोन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात जावे, आणि खात्याकडची तक्रार केवळ नोंदीसाठी द्यावी. खात्यातल्या चौकशीत पुष्कळदा शेजारच्या ठाण्याचा अधिकारी तुमचा जबाब घ्यायला येतो, आणि तो घ्यायला महिने लागतात. तक्रारीत विशेषणे टाळावीत; ‘अमानुष’, ‘क्रूर’ असे लिहिण्यापेक्षा ‘रात्री ११.४० वाजता, पहिल्या मजल्यावरील खोलीत, नावाच्या पट्टीवर अमुक आडनाव असलेल्या अधिकाऱ्याने पट्ट्याने तळपायावर मारले’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला पुढे काही तपासता येते. दवाखान्याचा कागद, संदेशांचे स्क्रीनशॉट, ११२ च्या कॉलची तारीख-वेळ आणि सीसीटीव्हीच्या अर्जाची पोच सोबत जोडावी.

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, पण घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग तक्रारीची चौकशी करू शकत नाही. खात्याच्या चौकशीचा निकाल येईपर्यंत थांबू असे म्हणणाऱ्यांचे हे वर्ष सहज निघून जाते, म्हणून तक्रारीच्या फाइलवर घटनेची तारीख आणि तिच्यापुढच्या वर्षातली तीच तारीख, अशा दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात.